शेजारच्या खाटेवरचं दुपटं

शिलाईशी माझा संबंध आयुष्यभर फक्त उसवण्यापुरता आला. जाफराबादला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. बियाण्याच्या पोत्याला तोंडाशी जी शिलाई असते, तिचा नेमका दोरा चिमटीत धरून ओढला की पोतं एका झटक्यात तोंड उघडतं. चुकीचा दोरा ओढला तर गाठ बसते आणि गिऱ्हाईक हसतं. हे काम मी डोळे झाकून करायचो, आणि चार लोक बघत असले तर मुद्दाम डोळे झाकून करायचो.

त्याच हातांनी पुढं मी दुपटं शिवलं. मधे जे झालं ते लिहितोय. जीबीएस नावाच्या आजारात खाटेला खिळलेल्यांसाठी लिहितोय, आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी. हा आजार काय, कशानं होतो, ते डॉक्टरला विचारा. मला विचाराल तर मी हरभऱ्याच्या मर रोगाचं औषध सांगेन. भीती वाटेल, रडू येईल, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा हेवा किती वाटतो, हे कुणी बोललं नाही. मला तो इतका वाटला की सलाइनच्या बरोबरीनं मी त्याच्यावर जगलो.

चपलेचा दोष

सुरुवात पायांच्या झिणझिण्यांनी झाली. नुकतीच नवी चप्पल घेतली होती, म्हणून सगळा दोष चपलेला दिला आणि ती बदलून आणली. दुसरीतही झिणझिण्या. ती पण बदलली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चपलवाला म्हणाला, "शेठ, आता एकदा पाय बदलून पाहा."

मग एका सकाळी हरभऱ्याचं पोतं उघडायला घेतलं, तर दोरा चिमटीत येईना. बोटं जवळ जायची, पण धरायची नाहीत. पोतं तसंच ठेवून दुकानाच्या पायरीवरून उतरलो आणि गुडघे असे दुमडले, की जणू मंडपाचा मधला बांबू कुणी काढून घ्यावा. समोर गिऱ्हाइकं उभी होती. पडलो असं कसं दाखवायचं? मी हौसेनं पायरीवर बसल्याचं सोंग केलं.

धाकटा भाऊ दत्ता धावत आला. "दादा, उठ ना."

"बसू दे रे जरा. हवा बरी हाय."

ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं आणि पायरीवर पोळी भाजली असती.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडायला पाहिजे हे मला माहीत होतं. तो उडेना, म्हणून मी गुपचूप मनानंच उडवायला गेलो. तरीही उडाला नाही. लबाडी करायची सोयसुद्धा राहिली नव्हती, तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला.

डॉक्टर माझ्या बायकोला, सुमनला, समजावून सांगत होते. नसांचा आजार आहे, खालून वर चढतो, छातीपर्यंत जाऊ शकतो. बहुतेक माणसं बरी होतात, पण वेळ लागतो. हाताची बोटं सगळ्यात शेवटी येतात.

आमची लेक रेणू तेव्हा चौथ्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण आमच्याकडंच होणार होतं. मी डॉक्टरला एकच गोष्ट विचारली, "मला नातवंड हातात धरता येईल ना?"

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही. "बघू," म्हणाले.

वाटूरपर्यंत

वॉर्डात माझ्या शेजारी बाबूराव अण्णा होते. मंठ्याचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आजार तोच, पण माझ्यापेक्षा आठवडाभर पुढं. म्हणजे मला ज्या दिवशी चमचा जड झाला त्या दिवशी अण्णांच्या पायाचा अंगठा हलला. वॉर्डभर बातमी. झाडायला येणाऱ्या मावशीनं झाडू टाकून अंगठा बघितला. माझ्या चमच्याकडं कोण बघतं?

रोज सकाळी डॉक्टर एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. छातीत किती दम आहे ते त्यावरून कळतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी आकडे नाकारले. "साहेब, आपल्याला हे जमतं," म्हणाले आणि एका दमात ठोकलं, "मंठा, वाटूर, रामनगर, जालना, चला उतराऽऽ!"

डॉक्टर हसले. नर्स हसल्या. सुमन तर पदर तोंडाला लावून हसली. मग मलाही तीच गाडी आली. माझी वाटूरला बंद पडायची.

"शेठ, डिझेल कमी हाय," अण्णा म्हणायचे. "ढकलू का?"

एका सकाळी माझी गाडी मंठ्यातूनच निघाली नाही. 'मं' म्हणालो आणि दम संपला. त्यानंतर खाट पळवली गेली, वरचे दिवे सरकत गेले, आणि मशीन श्वास घ्यायला लागलं. ते दिवस मी फार लिहिणार नाही. घशात नळी असते, बोलता येत नाही, हात हलत नाहीत, आणि डोकं मात्र लख्ख जागं. भेटीच्या वेळेत सुमन यायची आणि दुकानाचं बोलायची, दत्ता कसा बराबर सांभाळून राह्यला, गिऱ्हाईक कसं खूश आहे. माझ्यावाचून गिऱ्हाईक खूश आहे हे ऐकून मला मशीनवर पडल्या पडल्या राग आला. राग आला म्हणजे मी आहे, असं मी धरून चाललो.

आणखी एक विचार सारखा यायचा. मी मेलो तर माझी खिडकीजवळची खाट अण्णाला मिळणार.

मी वॉर्डात परत आलो तेव्हा अण्णा खिडकीजवळच्याच खाटेवर होते. "या शेठ," म्हणाले, "तुमच्यासाठी गरम करून ठेवली." आणि जागचे हलले नाहीत.

टाके

सुमननं घरून एक गाठोडं आणलं होतं. माझ्या आईचं मऊ पडलेलं लुगडं, माझा विरलेला सदरा, वडलांचं धोतर. आमच्याकडं तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर मऊ झालेल्या कपड्यांचं दुपटं शिवतात. काठापासून टाके घालत, फेऱ्या मारत आत आत यायचं. अगदी मधे आलं की वाळलेल्या भाकरीचा चिमूटभर तुकडा आत घालायचा आणि मग तोंड बंद करायचं. दुपट्याचं पोट भरलेलं असलं की बाळ कधी उपाशी राहत नाही, असं म्हणतात.

व्यायाम घेणाऱ्या मॅडम रोज यायच्या. हाताच्या तळव्याला टाचणी लावून विचारायच्या, "काका, टोचतंय?" मी म्हणायचो, न्हाई. मग स्वतःची दोन बोटं माझ्या मुठीत द्यायच्या. "दाबा. जोर लावा." मी जीव लावून दाबायचो आणि त्या विचारायच्या, "दाबताय ना?"

त्यांनी सुमनची शिलाई पाहिली आणि म्हणाल्या, हा तर फार चांगला व्यायाम आहे. ज्याला जमेल त्यानं करावा.

जमलं अर्थातच अण्णांना. सुमननं त्यांना एक चिंधी दिली, सुई ओवून दिली. तीन-चार दिवसांत अण्णा सरळ रेषेत टाके घालायला लागले. पुढं तर ज्वारीच्या दाण्यासारखे बारीक, एकसारखे. आयुष्यभर तिकिटाला भोकं पाडली होती ना.

सुमननं ती चिंधी उजेडात धरली. "अगबाई! अण्णा, माझ्यापेक्षा बारीक हो!"

सत्तावीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कामाला 'अगबाई' मिळालेलं नाही. मी मोटारसायकल घेतली तेव्हा नाही, दुकान वाढवलं तेव्हा नाही.

"मलाही द्या," मी मॅडमना म्हणालो. त्यांनी मला पोतं शिवायची दाभण, सुतळी आणि बारदानाचा तुकडा दिला. दाभण घसरून मांडीवर पडली. परत दिली, परत पडली. पलीकडं अण्णा नवीन दुपट्याला कोपऱ्यात त्रिकोणाची नक्षी लावत होते.

"कुणासाठी शिवून राह्यले, अण्णा?" सुमननं विचारलं.

"तुमच्याच नातवंडाला. आपल्याला अजून नातू न्हाई, मंग काय करता?"

माझ्या नातवंडाला! दुपारी सुमन मला वरणभात भरवत होती. अण्णा चमच्याला पट्टी बांधून आपल्या हातानं जेवत होते, अर्धं सांडत, पण जेवत होते. सुमन सहज म्हणाली, "बघा, अण्णा कसे आपल्या हातानं खाऊन राह्यले."

"मंग जा की त्यांच्याकडंच!" मी ओरडलो. "बस त्यांचे टाके बघत!"

अण्णांनी चमचा ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. सुमननं ताट स्टुलावर ठेवलं.

"तुम्हाला वाटतं मी हौसंनं शिवून राह्यले?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला मशीनवर नेल्तं तवापासून माझे हात रिकामे ठेवले की थरथरतेत. म्हणून सुई धरते. हे बघा."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. माझे हलत नव्हते आणि तिचे थांबत नव्हते.

मग तिनंच ताट उचललं. "आ करा," म्हणाली.

सुई

एवढं झाल्यावर शहाणा माणूस सुधारला असता. मी अण्णांची सुई पळवली.

अण्णा वॉकर धरून व्हरांड्यात फिरायला गेले होते. दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर त्यांचं दुपटं होतं, त्यात सुई टोचून ठेवलेली. माझी कोपरापर्यंतची हालचाल तेवढी आली होती. मनगटाच्या कडेनं दुपट्याचं टोक ओढलं, हलवलं, आणि सुई निसटून माझ्या चादरीवर पडली. ती तळव्याखाली सरकवली आणि छताकडं बघत पडलो. सत्तर किलोचा माणूस, एक सुई लपवून घामाघूम झाला होता.

अण्णा आले. "सुई कुठं गेली?"

सुमननं शोधली. मावशीनं खाटेखाली झाडू फिरवला. तेवढ्यात नर्स आल्या आणि सुई हरवली हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "पेशंटच्या अंगाखाली गेली तर? कुणी हलू नका!"

"मला सांगून राह्यले का, शिष्टर?" मी म्हणालो.

त्या चादर तपासायला आल्या. मला कुशीवर वळवायला हात लावला, माझा तळवा गादीवर दाबला गेला, आणि माझ्या तोंडून आभाळ फाटल्यासारखं निघालं, "आई गंऽऽ!"

"काय झालं?"

"टोचलं!"

"कुठं?"

"तळव्याला! उजव्या!"

बोललो आणि मलाच कळलं मी काय बोललो ते. सुमन माझा हात दोन्ही हातांत धरून रडायला लागली. मॅडम धावत आल्या, टाचणी काढली. "टोचतंय?" टोचत होतं. "इथं?" तिथंही, जरासं. मावशी म्हणाली, "देवानं बराबर टायमाला सुई पाठवली."

अण्णा मात्र खाटेवर बसून माझ्याकडं बघत होते. "शेठ," म्हणाले, "माझी सुई तुमच्या हाताखाली कशी काय आली हो?"

"चालत आली असंल. तुमचीच हाय ती, जल्दी चालायला लागती."

वॉर्ड हसला. सगळ्यात मोठ्यानं अण्णा हसले. तेवढंही त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं.

पुढच्या आठवड्यात ते आपल्या पायांनी घरी गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात अजून वाजत नव्हते, ही एक सोयच झाली.

पुरण

मी घरी आलो ते थंडीत. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून ओट्यावर, असा माझा प्रवास. बारदान सुटलं, चिंधी आली, दाभणीची सुई झाली. सुमननं आपलं अर्धं झालेलं दुपटं बाजूला ठेवलं आणि मला माझं वेगळं जोडून दिलं. काठाचे टाके असे पडले की कोंबडी चिखलातून गेली असावी.

संक्रांतीनंतर रेणू बाळंतपणाला आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "पप्पा, बाळ पहिलं तुमच्याच हातात द्यायचं."

त्याच सकाळी माझ्या हातून चहाचा कप सुटला होता. आदल्या दिवशी तांब्या. मी म्हणालो, "आधी दुपटं पुरं होऊ दे. सुई हातातून सुटायची थांबली, की मंग बाळ."

रेणूनं मान हलवली. त्या दिवसापासून माझ्यासाठी दुपटं म्हणजे दुपटं राहिलं नाही. रोज एक-दोन फेऱ्या आत सरकायचो. टाके लहान व्हायला लागले. मधल्या भागातले तर खरंच ज्वारीच्या दाण्याएवढे. मी ते सुमनला रोज दाखवायचो आणि 'अगबाई'ची वाट बघायचो. ती म्हणायची, "बरंय."

होळीच्या आदल्या दिवशी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. दुपटं तयार. चारी कोपऱ्यांत त्रिकोण, मधे मोराचं पीस. "पोटात भाकर घातली, शेठ. ज्वारीची."

माझं दुपटं होळीला पुरं झालं. मधे तोंड तेवढं उरलं होतं. सुमन चुलीपाशी होती, ओरडून म्हणाली, "फडताळात सुकी भाकर हाय, चिमूटभर घाला!" मी फडताळाकडं निघालो आणि थांबलो. अण्णांचं दुपटं भाकरी खाणार, आणि माझंही भाकरीच? ताटात गरम पुरणपोळी होती. चांगला बोटभर तुकडा मोडला. नुसता कसा द्यायचा, म्हणून तूप लावलं. आत सरकवला, तोंड शिवलं, घडी केली आणि कपाटात ठेवलं.

पंधरवड्यानं रेणूला मुलगी झाली. दुपटं तयार होतं, पण हातांचा भरवसा येईना, म्हणून बारशालाच त्या दुपट्यात घेईन म्हणालो. बारशाच्या दोन दिवस आधी सुमननं कपाट उघडलं आणि किंचाळली. कपाटाच्या वरच्या फळीपासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, माझ्या दुपट्यातून येणारी आणि दुपट्यात जाणारी.

"अहो, भाकर किती घातली?"

"भाकर न्हाई."

"मंग काय घातलं?"

"पुरणपोळी." आता लपवून काय करायचं? "तूप लावून."

रेणू बाळाला घेऊन पडली होती. हसता हसता तिला कळ आली. "पप्पा, हसवू नका ना, दुखून राह्यलं!"

दुपटं उसवावं लागलं. उसवणं माझ्या हातचं काम, दोरा धरला आणि ओढला. चिमटीत आला, पहिल्या फटक्यात आला. पण दुपटं काठाकडून आत शिवलेलं असतं, म्हणजे उसवायचं ते मधलं. माझे सगळ्यात चांगले टाके तिथंच होते. ते सगळे गेले. राहिले ते काठावरचे, कोंबडीच्या पायांचे.

बारसं

बारशाच्या दिवशी पाहुणे आले तेव्हा मी ओट्यावर बसून धुतलेल्या दुपट्याचं मधलं शिवत होतो. दोन फेऱ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात अण्णा आले. काठी नाही, वॉकर नाही, मंठ्याहून एसटीनं आले आणि ओट्याच्या पायऱ्या धडाधड चढले. त्यांचं दुपटं बायकांनी हातोहात घेतलं. "किती गोड! बघ गं, कोपरे बघ!" बाळ त्याच दुपट्यात गेलं.

मी टाका घातला. तो फार मोठा पडला.

अण्णा माझ्या शेजारी टेकले. माझ्या सुईकडं बघत म्हणाले, "तुमचं बरं हाय, शेठ."

"माझं काय बरं? तुम्ही पळून राह्यले, मी अजून भिंत धरतो."

"तुमचे हात उशिरा का आले, ते मला समजत होतं. तुम्हाला भरवायला बाई होती. आपली बाई कधीच गेली. सून डबा ठेवून नोकरीला जायची. चमचा धरला तर जेवण, न्हाई तर न्हाई. मंग हात जल्दी न येऊन करतेत काय?" त्यांनी दुपट्याचा काठ चाचपला. "त्या दिवशी तुम्ही ओरडले, आणि तरी ती म्हणाली, आ करा. मला बघवलं न्हाई ते. म्हणून भिंतीकडं तोंड केलं होतं."

मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडले म्हणून. खोटं कशाला बोलू, एवढ्या महिन्यांत कुणीतरी माझा हेवा केला, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मी सुमनला हाक मारली आणि म्हणालो, "अण्णांना ताट वाढ. इथंच, माझ्या शेजारी."

आतून ओरडा झाला. बाळानं अण्णांचं दुपटं ओलं केलं होतं.

"दुसरं द्या गं लवकर!"

"सगळी दोरीवर ओली हायेत!"

रेणू बाळाला घेऊन ओट्यावर आली. "पप्पा, तुमचं द्या."

"अगं, अजून दोन फेऱ्या राहिल्या."

"राहू द्या."

"सुई तरी काढा, शेठ," अण्णा म्हणाले.

मी गाठ मारली, दोरा दातानं तोडला. सुमननं दुपटं दाबून पाहिलं. "आत काय घातलं?"

"भाकर. सुकी. चिमूटभर."

तिनं दुपटं माझ्या मांडीवर पसरलं. काठावरचे ते लांब वाकडे टाके तिला दिसले, तिनं त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं. मी नको म्हणायच्या आत रेणूनं बाळ त्यावर ठेवलं, दोन्ही बाजू गुंडाळल्या आणि माझे हात खाली नीट सरकवून दिले. मग तिनं आपले हात काढून घेतले.

कप आठवला, तांब्या आठवला. मी श्वास धरून बसलो. बाळाचं वजन उजव्या हातावर येत होतं आणि हात ते घेत होता.

बाळानं मूठ उघडली, माझं बोट सापडलं, ते धरलं. मी हलकेच सोडवायला गेलो तर सुटेना. बारा दिवसांची पोर. व्यायाम नाही, दाभण नाही, दाबा-जोर-लावा नाही.

"काय पकड हाय हो पोरीची!" अण्णा वाकून म्हणाले.

"अगबाई!" सुमन म्हणाली.

आणि मला, इतक्या सगळ्यानंतर, माझ्या बारा दिवसांच्या नातीचा हेवा वाटला. तिची बारीक नखं माझ्या बोटात रुतली होती.

"पप्पा, टोचतंय का?" रेणूनं विचारलं. "सोडवू?"

"टोचतंय," मी म्हणालो. "टोचू दे."